सत्तेचाळीस मिनिटं

३ मार्च

आज म्हातारीचं चरित्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हातारी म्हणजे आमचं जहाज. कागदोपत्री तिची आतापर्यंत तीन नावं झाली, पण इंजिनरूममध्ये तिला त्यातल्या कुठल्याच नावाने कोणी ओळखत नाही. वय एकेचाळीस. प्रवाशांना बेटं दाखवत फिरायचे तिचे दिवस सरले, ऑक्टोबरपासून धक्क्याला बांधून ठेवली आहे. नवा मालक तिला कायमची इथेच उभी करून हॉटेल करणार आहे. त्याला तिच्या सेवेचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास हवा आहे. कुठे फिरली, काय मोडलं, कोणी दुरुस्त केलं, कोणाच्या हातून काय चुकलं, सगळं.

ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "अक्षर कोणाचं बरं आहे?"

आमचे चीफ इंजिनिअर म्हणाले, "सेकंड इंजिनिअरचं."

सेकंड इंजिनिअर मी. चीफ इंजिनिअर माझा साडू. स्वतः हात झटकून मोकळा झाला.

डॉक्टरांनी बजावलं आहे की मनात साठवू नका, रक्तदाब वाढतो, हवं तर लिहून काढा. बायकोने लगेच ही वही आणून दिली. तेव्हा खरं तेच लिहितो. मी साडूवर जळतो. बावीस वर्षांपूर्वी मीच त्याला या जहाजावर चिकटवला. मीच त्याला घरी जेवायला नेलं आणि बायकोच्या धाकट्या बहिणीने त्याला वाढलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. नात्याने मी मोठा, म्हणून घरी तो मला दादा म्हणतो. हुद्द्याने तो मोठा, म्हणून जहाजावर मी त्याला साहेब म्हणतो. शिडी चढलो की मी लहान होतो, उतरलो की पुन्हा मोठा. तेरा वर्षं हेच चाललंय.

तो बोलत नाही फारसा. खलाशी त्याला मुकेसाहेब म्हणतात, तेही कौतुकाने. मी बडबडतो, तर मला कोणी काही म्हणत नाही.

४ मार्च

कपाटातून लॉगबुकं काढली. एकशे त्रेसष्ट भरली. धुळीने शिंकून शिंकून जीव गेला. साडू येऊन टेबलावर मास्क ठेवून गेला. मी माझा रुमाल बांधला.

७ मार्च

म्हातारीने आयुष्यात बरंच सोसलंय. पहिल्या मालकाने तिला गाड्या आणि माणसं या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर न्यायला बांधली. तिथे नऊ वर्षं काढली. दुसऱ्याने तिला मधोमध कापून पोटात अठरा मीटरचा तुकडा घातला. तिसऱ्या डेकवर गालिचा जिथे जरा उचलल्यासारखा वाटतो, तिथे तो सांधा आहे. तिसऱ्याने पांढरा रंग दिला, वर पोहण्याचा तलाव आणि खाली फिरत्या फरशीचं नाचघर केलं. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की पुढच्या नाकाडावरची आधीची दोन नावं रंगाखालून वर येतात.

ती फरशी मी तीनदा दुरुस्त केली. चौथ्यांदा बंद पडली तेव्हा साडू चीफ झाला होता. खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या. लोक थांबलेल्या फरशीवरही नाचतात." आणि लोक नाचले. कोणी तक्रारसुद्धा केली नाही. माझ्या तीन दुरुस्त्या पाण्यात.

इतिहासात एक प्रकरण आमच्या कामाच्या पद्धतीवर लिहिलं. कुठल्याही जहाजावर डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी साचतं. ते वेळेवर काढलं नाही तर तेलाबरोबर जनरेटरमध्ये शिरतं आणि अख्खं जहाज अंधारात जातं. म्हणून आमच्याकडे रीत अशी की पाळी संपवणाऱ्याने खालचा नळ उघडायचा, पाणी जाऊन निव्वळ तेल यायला लागलं की बंद करायचा, पेन्सिलच्या वहीत चौकोनात टिक करायची, खाली सही करायची आणि येणाऱ्याला सांगायचं, "पाणी सोडलं." येणाऱ्याने बघून म्हणायचं, "पाहिलं." मग दिवसाअखेर पेन्सिलच्या वहीवरून शाईच्या लॉगबुकात उतरवायचं. टिक राहिली तर बोलणी बसतात. टिक खोटी निघाली तर माणसाला पुढच्याच बंदरात उतरवतात, परत घेत नाहीत.

सव्वीस वर्षांत माझी एकही टिक राहिलेली नाही. हे मी इतिहासात घातलं नाही, पण इथे घालतो.

आणखी एक नियम. इतिहासाच्या प्रत्येक पानावर चीफने सही करायची. चीफ रजेवर असेल तरच सेकंडने, खाली 'प्रभारी' असं लिहून. पण हा गृहस्थ तेरा वर्षांत एक दिवस रजेवर गेलेला नाही. त्या रेघेवर माझं नाव एकदा तरी यावं असं मला वाटतं. वाटण्यात काय गैर आहे?

११ मार्च

बातमी पक्की. हॉटेल झाल्यावर इंजिनरूमला एकच इंजिनिअर ठेवणार. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. दोघांपैकी कोण ते नव्या मालकाचा माणूस इतिहास वाचून ठरवणार.

माझं वय छप्पन्न, त्यात हा रक्तदाब. दुसरं कुठलंही जहाज मला डॉक्टरी तपासणीतच परत पाठवेल. साडू एक्कावन्नचा, ठणठणीत. त्याला उद्या कोणीही घेईल. मग त्याला ही जागा कशाला हवी? पण अर्ज त्यानेही केलाय. पोट भरलेल्या माणसाला शेजारच्याचं ताट दिसतंच.

संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला होतो. धाकटीचं घर नेहमीसारखं टापटीप, प्रत्येक वस्तू जागच्या जागी. मी खुर्ची जरा सरकवली तर साडूने उठून होती तशी ठेवली. इतकी शिस्त घरात कशाला? धाकटी पाणी ओतताना ग्लासात बोट बुडवते हे मी आज पाहिलं. पूर्वी अशी अस्वच्छ नव्हती. मी ते पाणी प्यायलो नाही.

मी मुद्दाम म्हणालो, "तुलाच ठेवणार, सगळे तेच म्हणतायत."

साडू म्हणाला, "मासे घ्या, दादा."

तेवढ्यात आमच्या लेकीचा फोन आला. बापाला नाही, काकांना. कॉलेजातलं कुठलंसं गणित अडलं होतं. मुकेसाहेब वीस मिनिटं बोलत होते. परतताना बायको म्हणाली, "तुमचा चेहरा बघून मासेसुद्धा घाबरले असतील."

१५ मार्च

सापडलं.

एकोणीस वर्षांपूर्वीचं लॉगबुक. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जहाज पूर्ण अंधारात. भर समुद्रात, सहाशे चाळीस प्रवासी. जिन्यावर पडून एका बाईंचं मनगट मोडलं. टाकीतलं पाणी जनरेटरमध्ये गेलं होतं. खाली साडूच्या बारीक अक्षरात: 'पाणी सोडायचं राहिलं. जबाबदारी माझी.' आणि त्याची सही.

मी हे विसरलो होतो असं नाही. पण शाईत लिहिलेलं बघून जिवाला गार वाटलं. तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण त्याच सकाळी लेक झाली. चार ते आठची पाळी माझी होती. साडेसातच्या सुमारास वायरलेसवाला धावत खाली आला. मुलगी झालीय, वजन फार कमी, काचेच्या पेटीत ठेवलीय, बायकोचं काही सांगता येत नाही, लगेच वर या. मी होतो तसा वर पळालो. वाटेत जिन्यावर साडू भेटला, तो वेळेआधीच खाली येत होता. मी ओरडून "पाणी सोडलं" म्हणालो, तो "पाहिलं" म्हणाला आणि मी फोनला चिकटलो. नंतर दिवे गेले तेव्हासुद्धा मी रिसीव्हर कानाला धरून उभा होतो. म्हणजे पाळी त्याची, अंधार त्याचा.

तेव्हा आम्ही दोघंही थर्ड इंजिनिअर होतो आणि सेकंडची एक जागा भरायची होती. सगळे म्हणत होते साडूलाच मिळणार. चौकशीनंतर त्याची बढती दोन वर्षं अडकली आणि जागा मला मिळाली. ती दोन वर्षं जहाजावर तो मला साहेब म्हणायचा. आयुष्यातली माझी सगळ्यात गोड दोन वर्षं.

त्या महिन्याची पेन्सिलची वही मात्र कपाटात नाही. आधीची आहे, नंतरची आहे, नेमकी तीच नाही. कोणी गायब केली असेल हे कळायला शहाणपण लागत नाही.

१६ मार्च

बायकोला सांगितलं की अंधाराचं प्रकरण इतिहासात तपशिलाने घालतोय. ती भांडी घासत होती. नळ सुरूच राहिला आणि हात थांबले.

"ते घालायलाच हवं का?" म्हणाली.

"इतिहास आहे. खरं ते लिहायचं."

"एकोणीस वर्षं झाली. कोणाला काय पडलंय?"

"मालकाला पडलंय. हलगर्जी माणूस ठेवायचा की चोख, हे त्याला कळायला नको?"

तिने नळ बंद केला. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तेवढं दिसतं तुम्हाला."

माझ्या घरात माझ्या बाजूने बोलणारं कोणी नाही. बहिणीच्या नवऱ्याची इतकी कड घेणारी बाई मी पाहिली नाही. लग्न त्याच्याशी करायचं होतं, असंही बोलून गेलो. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण बोललो खरा. तिने भांडी तशीच टाकली आणि लेकीच्या खोलीत जाऊन बसली.

२० मार्च

दोनशे अठरा पानं. आज साडू सह्या करायला बसला. मी समोर उभा. एकेक पान वाचत, सही करत पुढे जात होता. एकशे एकाहत्तरवर थांबला. मी लिहिलं होतं: 'कर्तव्यावरील इंजिनिअरच्या दुर्लक्षामुळे त्रेचाळीस मिनिटं जहाज अंधारात राहिलं.' खाली कंसात त्याचा हुद्दा आणि पाळी.

भांडला असता तर बरं झालं असतं. माझी उत्तरं तयार होती.

त्याने पेन घेतलं. 'त्रेचाळीस' खोडून वर 'सत्तेचाळीस' केलं. सही केली आणि पान उलटलं.

"मी मोजली होती," म्हणाला.

माज बघा. स्वतःच्या चुकीची मिनिटं वाढवून सांगतो, जणू पदकच मिळालंय.

२१ मार्च

इतिहास रवाना. झोप चांगली लागली. बायको कामापुरतंच बोलते.

२७ मार्च

मला ठेवलं.

नव्या मालकाचा माणूस आला होता. तरुण आहे, हातात कागद गुंडाळून धरतो. म्हणाला, "इतिहास सुंदर लिहिलाय. चीफ चांगले आहेत, पण ती अंधाराची नोंद आहे त्यांच्या नावावर. आमच्याकडे रात्री तीनशे माणसं झोपणार. तुमची पाटी कोरी आहे." साडू शेजारीच उभा होता. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बरं झालं, दादा." जहाजावर असूनही दादा म्हणाला. आता तो साहेब नाही ना माझा, म्हणून असेल.

येताना गोड घेऊन आलो. बायकोने डबा उघडलाही नाही. कपाटातून लेकीच्या जन्माच्या कागदांची पेटी काढली, त्यातून एक वही काढून माझ्या पुढ्यात ठेवली. तेलाचे डाग पडलेली, पेन्सिलची वही.

"त्यांनी आणून दिली होती, मी दवाखान्यात होते तेव्हा. म्हणाले, वहिनी, ही जाळून टाका. मला जाळवेना. आपली पोर झाली त्या दिवसाची वही ती."

पान तिनेच काढून दिलं. चार ते आठ. माझी सही. वर चौकोनात माझी टिक, ठसठशीत. आणि बाजूला वेळ लिहायची असते तिथे माझ्याच हाताने आठ वाजता असं लिहिलेलं. साडेसातला मी वर होतो. म्हणजे टिक मी आधीच करून ठेवली होती, पाळी संपायच्या आधी, नळाला हात न लावता. तसं आम्ही सगळेच करायचो. टिक आधी, पाणी नंतर. फक्त त्या दिवशी नंतर आलंच नाही.

बायकोच बोलत होती. "तुमची नोकरी गेली असती. पोर पेटीत, मी अशी. ते म्हणाले, दादांना कळू देऊ नका, ते माझं तोंड बघायचे नाहीत. मी गप्प बसले. चुकलंच माझं. आधीच सांगायला हवं होतं, निदान सोळा तारखेला तरी."

मग म्हणाली, "आणि ही जागा त्यांना कशाला हवी होती, विचारलंत कधी? धाकटीला दिसायचं कमी होत चाललंय. ग्लास भरला की नाही ते बोट घालून बघते. आता ते अकरा महिने समुद्रावर, आणि ती घरात एकटी."

मी ते पाणी प्यायलो नव्हतो.

२८ मार्च

काही लिहायचं नाही.

२९ मार्च

साडूला इंजिनरूममध्ये गाठला. वही पुढे धरली. त्याने उघडलीही नाही.

मी म्हणालो, "इतिहासाला दुरुस्तीचं पान जोडतोय. तू सही कर."

"नाही करणार."

"का?"

"त्या दिवशी तुम्ही पाणी सोडलं म्हणालात, मी पाहिलं म्हणालो. जिन्यात उभा राहून. पाहिलं होतं का मी? नव्हतं. मग जबाबदारी माझी लिहिली त्यात खोटं काय आहे?"

बावीस वर्षांत त्याने माझ्याशी सलग बोललेलं हे सगळ्यात लांब भाषण. आणि तेही बिनतोड. मला इतका राग आला की हातातली वही आपटावीशी वाटली. मी म्हणालो, "वही लपवलीस ते?"

"तेवढं खोटं," म्हणाला, आणि पंप बघायला गेला.

खरं लिहायचं तर मी आजही जळतोय, पूर्वीपेक्षा जास्त. हुद्द्यात पुढे गेला ते कसंबसं पचवलं होतं. चांगलं वागण्यातही तो माझ्या एकोणीस वर्षं पुढे निघून गेला आणि मला पत्तासुद्धा नाही.

त्याच्या सहीशिवाय पान जात नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चीफ रजेवर असला तर?" मी म्हणालो, तो मेला तरी रजा घेणार नाही. ती म्हणाली, "ते माझ्यावर सोडा," आणि बहिणीला फोन लावला. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना ऐकलं.

३१ मार्च

सकाळी धाकटीने जाहीर केलं की डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजच जायचं, आणि नेणार तर नवऱ्यानेच, नाहीतर ती जाणारच नाही. दोन वर्षं हाच तिच्या मागे लागला होता, आता नाही कसं म्हणेल? तेरा वर्षांतली पहिली रजा. एक दिवस, कारण कौटुंबिक.

मी पान लिहिलं. सहा ओळी. पाणी सोडलं नव्हतं, टिक खोटी होती, ती मी केली होती, पेन्सिलची वही सोबत जोडली आहे. अक्षर चांगलं आलं. मग खाली चीफच्या रेघेवर सही केली आणि 'प्रभारी' लिहिलं. इतकी वर्षं त्या रेघेवर डोळा होता. तिथे नाव आलं ते असं.

नव्या मालकाच्या माणसाने पान दोनदा वाचलं. "हे मला सांगायची तुम्हाला काय गरज होती?"

"इतिहास पूर्ण हवा, असं तुम्हीच म्हणालात."

त्याने विचारलं, याचा परिणाम तुम्हाला कळतोय ना? मी म्हणालो, मला डिझेल कळतं, तर हे कळणार नाही? मग त्याने वहीवरून हात फिरवला आणि म्हणाला की चीफना उद्या भेटायला सांगा.

८ एप्रिल

साडूला ठेवलं. तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण तो तसाही बोलत नाही, म्हणून फरक कळायला वेळ लागला. धाकटीचं एका डोळ्याचं ऑपरेशन होईल म्हणतात, दुसऱ्याचं काही खरं नाही. लेकीला बायकोने सगळं सांगितलं. तिने मला फोन केला. गणितासाठी नाही. काय बोलली ते लिहीत नाही.

आज माझी शेवटची पाळी. आठला संपायची. पावणेआठला टाकीखाली गेलो. नळ उघडला. आधी पाणी आलं, मग पांढुरकं, मग निव्वळ तेल. बंद केला. मगच टिक केली आणि सही केली.

साडू बरोबर आठला जिन्यावरून उतरला.

मी म्हणालो, "साहेब, पाणी सोडलं."

तो टाकीपाशी गेला, गुडघ्यावर बसला, नळ जरासा उघडला. ओंजळीत आलेलं उजेडाकडे धरून बघितलं, बोटांनी चोळलं. नळ घट्ट बंद केला, फडक्याला हात पुसले आणि उठला.

"पाहिलं, दादा," म्हणाला.

राग आला नाही असं लिहिणार होतो. थोडा आला.